दुकानाची पाटी आणि दूरचें गिऱ्हाईक



बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, मस्साजोग अशीं गांवें मागें टाकीत आंबेजोगाईकडे निघालें म्हणजे वाटेंत केज लागतें. तालुक्याचें गांव. येथल्या बाजारांत घटकाभर उभें राहिलें तरी व्यापाराची जुनी रीत डोळ्यांपुढें येते. पालाखालीं धान्याची रास असते. गिऱ्हाईक मूठभर दाणे उचलतें, तळहातावर पसरतें, एखादा दांताखालीं धरून पाहतें, मग दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतें आणि त्यानंतरच भावाची गोष्ट काढतें. माल समोर, माणूस समोर, आणि शब्दहि समोर. या व्यवहाराला कागदाची गरज नाहीं कीं पाटीची नाहीं.

परंतु जें गिऱ्हाईक समोर नाहीं त्याचें काय? तें चाळीस कोसांवर आहे. त्यानें आपलें दुकान पाहिलेलें नाहीं, आपलें नांवहि ऐकलेलें नाहीं. त्याला आपला माल कसा दाखवावा आणि आपल्या शब्दावर त्याचा विश्वास कसा बसवावा? आजकाल लहान लहान दुकानदारहि इंटरनेटवर स्वतःचें संकेतस्थळ उभारूं लागले आहेत. तें कसें योजावें व कसें बांधावें, हा प्रश्न पुष्कळांना केवळ यंत्राचा वाटतो. माझें म्हणणें असें कीं हा प्रश्न मूळचा व्यापाराचा आहे, आणि त्याचा इतिहास संगणकाच्या कितीतरी आधीं सुरू होतो. तो इतिहास थोडक्यांत सांगावा आणि त्यांतून आपल्या कामापुरता बोध घ्यावा, एवढाच माझा आजचा हेतु आहे.

प्रथम केजचीच स्थिति पाहूं. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १८८४ सालीं राज्यकारभारांत फारसीच्या जागीं उर्दू आली. मराठी घरांत व बाजारांत राहिली. नाणें वेगळें, तें हाली सिक्क्याचें. टपालखातें वेगळें. सरहद्दीवर मालावर जकात, तिला करोडगिरी म्हणत. पुण्या-मुंबईकडे मराठी छापखाने, वर्तमानपत्रें व जाहिराती यांची वाढ होत असतां येथला व्यापारी या भिंतींच्या आड होता. आगगाडीचेंहि तसेंच. बार्शीची अरुंद रुळांची गाडी १८९७ सालीं बार्शीस आली व १९११ सालीं लातुरास पोंचली. केज बाजूलाच राहिलें. अशा गांवाचा माल बाहेर जावयाचा तो अडत्याच्या हातून. दूरचा भाव काय आहे हें अडत्याला ठाऊक, दूरचें गिऱ्हाईक कोण हेंहि त्यालाच ठाऊक. पिकविणारा व घडविणारा या दोघांनाहि आपला माल शेवटीं कोणाच्या घरीं गेला याचा पत्ता नसे. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. तिच्याकडे मला शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

पलीकडच्या इंग्रजी मुलखांत मात्र दूरच्या गिऱ्हाइकाशीं बोलण्याचीं साधनें एकामागून एक तयार होत होतीं. १८३२ च्या जानेवारींत बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें आणि मराठींत वृत्तपत्र सुरू झालें. वृत्तपत्रांबरोबर जाहिरात आली. पण जाहिरात वाचून पैसे पाठवावयाचे कोणाच्या भरंवशावर? त्याचें उत्तर टपालानें दिलें. १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धत निघाली: पार्सल पोस्टमननें दारांत आणावयाचें, पैसे मोजून घ्यावयाचे, आणि ते दुकानदाराकडे पोंचवावयाचे. परस्परांस अनोळखी अशा दोन माणसांमध्यें सरकारी खातें जामीन राहिलें. आज घरबसल्या मागविलेल्या वस्तूचे पैसे माल हातांत आल्यावर देतात, ती रीत नवी नाहीं. तिचें मूळ येथें आहे.

या साधनांचा महाराष्ट्रांत ज्यांनीं अत्यंत जाणतेपणानें उपयोग केला त्यांत किर्लोस्करांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आरंभीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करावयास घेतले. नांगर चांगला होता. अडचण गिऱ्हाइकाच्या मनांत होती. लोखंडानें जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिले नांगर खपावयास फार दिवस लागले. १९१० सालीं औंध संस्थानांत, भवानराव पंतप्रतिनिधींच्या आश्रयानें, माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. १९२० सालीं तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली व शंकरराव किर्लोस्करांनीं ती चालविली. हें मूळ कारखान्याचें घरपत्र. आपलें काम, आपला माल, आपले लोक यांची हकीकत दूरच्या गिऱ्हाइकास कळावी, हा तिचा उद्देश. पुढें १९२९ सालीं त्याच पत्राचें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें आणि त्याची कीर्ति कारखान्याच्याहि पलीकडे गेली.

येथें क्षणभर थांबूं. कारखान्याला केवळ मोठी जाहिरात देतां आली असती. तसें न करतां त्यानें स्वतःचें पान काढलें. त्या पानावर काय यावें हें ठरविणारे तेच, लिहिणारे तेच, आणि चुकल्यास जबाबदारहि तेच. परक्याच्या वृत्तपत्रांतील चार बोटांची जागा भाड्यानें घेणें निराळें आणि आपल्या नांवाचें पान आपण चालविणें निराळें. लहान धंद्याच्या संकेतस्थळाची कल्पना ज्याला नीट समजून घ्यावयाची असेल त्यानें हा भेद आधीं समजून घ्यावा.

आतां इंटरनेटच्या काळांत येऊं. १९८९ सालीं जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें एक योजना मांडली. संस्थेंतील निरनिराळ्या यंत्रांवर पसरलेली माहिती एकमेकींस जोडावी आणि कोणीहि कोठूनहि ती वाचावी, अशी ती योजना. १९९१ सालीं ती बाहेरच्या जगास खुली झाली. आणि १९९३ च्या एप्रिलांत सर्नने जाहीर केलें कीं ही विद्या सर्वांची आहे, तिच्यावर कोणाचा कर नाहीं. या औदार्याचें महत्त्व फार मोठें. तें नसतें तर आज प्रत्येक पानामागें कोणाला तरी दस्तुरी द्यावी लागती. हिंदुस्थानांत सामान्य लोकांसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें, तें प्रथम मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. केजसारख्या गांवीं तें घरोघरीं पोंचलें तें फार पुढें, मोबाईलच्या मार्गानें, विशेषतः २०१६ नंतर दर उतरल्यावर. मौज अशी कीं बीड शहरास आगगाडी आली ती २०२५ च्या सप्टेंबरांत, आणि ती वाटहि केजवरून जात नाहीं. ज्या गांवाला रूळ मिळाले नाहींत त्याला तार मात्र मिळाली.

दुसरी भिंत लिपीची होती. आरंभीं संगणकावर देवनागरी लिहिण्याची प्रत्येकाची रीत निराळी. एका वर्तमानपत्राचा टंक दुसऱ्याच्या यंत्रावर नसला तर मराठीच्या जागीं अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. म्हणून पुष्कळ ठिकाणीं मजकुराचें चित्र काढून चिकटवीत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें, जी १९८८ सालीं स्थापन झाली, भारतीय लिप्यांसाठीं पुष्कळ काम केलें. आणि १९९१ सालीं निघालेल्या युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरीला स्वतःची कायमची जागा मिळाली. तो संकेत सर्व यंत्रांत रुळावयास आणखी दहा-पंधरा वर्षें गेलीं. २०१४ सालीं तर संकेतस्थळाचा पत्ताहि ‘.भारत’ या देवनागरी शेपटीसह घेण्याची सोय झाली. म्हणजे आज केजच्या दुकानदारानें मराठींत लिहिलेली ओळ न्यूझीलंडमधील मोबाईलवरहि तशीच्या तशी उमटते.

साधनें अशीं सिद्ध झालीं. आतां बांधावें कसें? उदाहरणासाठीं एका कारागिराची कल्पना करूं. केजच्या रस्त्यावर त्याचें वेल्डिंगचें दुकान आहे, आणि तो सायकल-कोळपें करतो. पुढें सायकलचें चाक, मागें लोखंडी पातें, धरावयास दांडा. बैल नसलेला लहान शेतकरी सोयाबीनच्या दोन ओळींमधून तें रेटीत नेतो आणि तण निघतें. माल चांगला आहे, पण पंचक्रोशीच्या बाहेर कोणाला ठाऊक नाहीं.

बहुतेक लोक आरंभ रंगापासून करतात. पाटी निळी असावी कीं हिरवी, चित्र हलतें असावें कीं स्थिर! हा क्रम उलटा आहे. या कारागिरानें प्रथम एक साधी वही घ्यावी आणि आठवडाभर दुकानांत आलेलें व फोन करणारें प्रत्येक गिऱ्हाईक काय विचारतें तें लिहून ठेवावें. पातें किती इंचांचें? दोन ओळींत अंतर किती हवें? ओल्या काळ्या रानांत चालतें काय? वजन किती, बाईमाणसाला रेटतां येईल काय? पातें झिजल्यास दुसरें मिळेल काय? किंमत किती, आणि आमच्या गांवीं पोंचवाल काय? आठ दिवसांत प्रश्न पुन्हां पुन्हां तेच येऊं लागतात. ही वही हाच संकेतस्थळाचा आराखडा. ज्या प्रश्नाचें उत्तर दुकानदार दिवसांतून दहा वेळां देतो तें पहिल्या पानावर यावें; जें कोणी विचारीत नाहीं त्याला जागा देऊं नये.

आराखडा आधीं आणि लेखन मागाहून, ही शिस्त आमच्या मुलखाला परकी नाहीं. शेजारच्या आंबेजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील त्या संतकवीनें लांबलचक वस्त्रावर पंचीकरणाचा विषय लिहिला. कापडावर लिहावयाचें म्हणजे खोडण्याची सोय नाहीं. कोठें काय यावें हें आधीं मनांत ठरलेलें पाहिजे. आमच्या कारागिराला खोडण्याची सोय आहे, ही गोष्ट निराळी. पण वाचणाऱ्याचें बोट पानावरून वरून खालीं सरकत जाणार आहे, तेव्हां त्याला कोणती गोष्ट कोणत्या क्रमानें दिसावी याचा विचार त्यानेंहि आधींच केला पाहिजे.

त्याला चार पानें पुरतात. पहिल्यावर आपण कोण, कोठें, काय करतों. दुसऱ्यावर अवजारें: प्रत्येकाचें माप, वजन, स्वच्छ उजेडांत काढलेलें छायाचित्र, किंमत आणि ती कोणत्या तारखेची हें स्पष्ट. तिसऱ्यावर दुरुस्ती व सुटे भाग. चौथ्यावर पत्ता, फोन, दुकानाची वेळ आणि येण्याची वाट. मजकूर मालकानें स्वतः सांगावा. लिहून कोणीहि द्यावा. ‘आमचा माल सर्वोत्कृष्ट’ असें लिहिण्यापेक्षां ‘पातें नऊ इंची, अठरा इंचांच्या ओळींत चालतें, फार चिखलांत चालत नाहीं’ असें लिहावें. काय होत नाहीं हें जो प्रांजळपणें सांगतो त्याच्या बाकीच्या शब्दांवरहि विश्वास बसतो.

मजकूर सिद्ध झाला म्हणजे बांधकाम. त्याचे भाग घरासारखेच आहेत. प्रथम नांव, त्याला डोमेन म्हणतात. नांव विकत मिळत नाहीं, वर्षाच्या कराराने मिळतें, आणि मुदतींत नूतनीकरण न केल्यास दुसऱ्या कोणाच्या हातीं जाऊं शकतें. ‘.इन’ हीं नांवें २००५ पासून सर्वांना सहज घेतां येऊं लागलीं. दुसरी गोष्ट जागा, म्हणजे अहोरात्र चालू असणाऱ्या सर्व्हरवर भाड्यानें घेतलेला कोपरा. तिसरी गोष्ट बांधणी. पानाचा सांगाडा एका खुणांच्या भाषेंत लिहितात. रंग, अक्षर व मांडणी निराळ्या नियमांत लिहितात, आणि ही वाटणी १९९६ पासून रूढ झाली. आज हें सर्व हातानें लिहावें लागतेंच असें नाहीं. २००३ सालीं निघालेल्या वर्डप्रेससारख्या फुकट साधनानें तालुक्याच्या गांवांतील हुषार मुलगाहि चार पानें चार दिवसांत उभीं करूं शकतो.

मात्र तीन गोष्टींकडे त्यानें डोळ्यांत तेल घालून पाहावें. गिऱ्हाईक मोबाईलवर पाहणार, तेव्हां पान लहान पडद्यावर आपोआप बसलें पाहिजे. ही पद्धति २०१० नंतर सर्वत्र पसरली. छायाचित्र हलकें करून घालावें, कारण रानांत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा फोन जड चित्राची वाट पाहात बसत नाहीं. आणि भावाचा फलक छापून त्याचें चित्र चिकटवूं नये. मजकूर अक्षरांतच लिहावा. चित्रांतील शब्द शोधयंत्राच्या हातीं बहुधा नीट लागत नाहींत, आणि ज्याला डोळ्यांनीं दिसत नाहीं त्याचें वाचून दाखविणारें यंत्र तेथें मुकें होतें. बांधून झाल्यावर, ज्यानें दुकान कधीं पाहिलेलें नाहीं अशा एखाद्या नातेवाइकाच्या हातीं फोन द्यावा आणि म्हणावें, ‘दादा, कोळप्याची किंमत शोधून सांगा.’ आपण तोंडानें कांहीं सांगूं नये. तो जेथें अडेल तेथें दुरुस्ती करावी.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सर्व सांगितलें तिच्याकडे वळतों. पुष्कळजण विचारतील, एवढी यातायात कशाला? मोठमोठ्या कंपन्यांच्या ठिकाणीं फुकट खातें उघडतां येतें, तेथें लाखों लोक येतात. खरें आहे, आणि तेथें जरूर जावें. बाजारांत पाल मांडण्यास कोणी मना करीत नाहीं. परंतु परक्याच्या ओसरीवर मांडलेलें दुकान ओसरीच्या मालकाच्या मर्जीवर असतें. याला इतिहासांत साक्षी आहेत. जिओसिटीज नांवाच्या ठिकाणीं लक्षावधि लोकांनीं आपलीं पानें बांधलीं होतीं. तें २००९ सालीं बंद झालें. ऑर्कुटवर आपल्याकडील तरुण मंडळी जमत; तेंहि २०१४ सालीं मिटलें. गूगलनें लहान धंद्यांना फुकट संकेतस्थळें बांधून दिलीं होतीं, तीं २०२४ च्या मार्चांत बंद केलीं. यांत कोणी कोणाचा गुन्हा केला असें मी म्हणत नाहीं. ज्याची ओसरी त्याची सत्ता. पण ज्यानें तेंच एक ठिकाण धरलें होतें त्याची पाटी एका दिवसांत उतरली.

येथें मला केजचा तो जुना अडत्या आठवतो. माल कारागिराचा, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता अडत्याच्या वहींत. आज ती वही यंत्रांत गेली आहे, इतकाच फरक. कोणी आपला माल पाहिला, कोणी विचारला, हें जर आपल्याला न कळतां केवळ मधल्यालाच कळत असेल, तर शंभर वर्षांत आपण किती पुढें आलों याचा विचार करावा लागेल. म्हणून लहान धंदेवाल्यानें एवढें तरी करावें: नांव आपल्या स्वतःच्या नोंदणीनें घ्यावें, संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नांवें कधींहि ठेवूं नये, किल्ल्या म्हणजे परवलीचे शब्द घरांत लिहून ठेवावेत, नूतनीकरणाची तारीख दिवाळीच्या वहीपूजनासारखी लक्षांत ठेवावी, आणि त्याच दिवशीं सर्व पानें वाचून जुना भाव, बदललेला फोन दुरुस्त करावा. खोटा भाव दाखविणाऱ्या पाटीपेक्षां पाटी नसलेली बरी. नांवाची किंमत काय असते हें आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें नांव जपण्यासाठींच.

मी अतिशयोक्ति करूं इच्छीत नाहीं. संकेतस्थळानें पाऊस पडत नाहीं आणि वाईट मालाचा चांगला होत नाहीं. बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या व ट्रक भरून कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीला जातात. चार पानांनीं तें थांबणार नाहीं. तथापि कोळपीं करणाऱ्या एका दुकानाला परजिल्ह्यांतून हंगामभर मागणी आली, तर त्या दुकानांत आणखी दोन मुलांना काम मिळतें, आणि तीं दोन मुलें गांवांत राहतात. लक्ष्मणरावांचें आरंभींचें दुकानहि लहानच होतें, आणि तेंहि सायकलींचें होतें.

बाजार उठल्यावर पालें सोडतात, गाड्या जुंपतात आणि रस्ता मोकळा होतो. त्या वेळीं दूर कोठेंतरी, परभणीकडे म्हणा कीं विदर्भांत म्हणा, एखादा शेतकरी जेवण आटोपून फोन हातांत घेतो आणि कोळप्याचा शोध करतो. त्याला केजच्या त्या कारागिराचें नांव, माप, किंमत आणि खरा फोन सांपडावा, इतकीच या सर्व खटाटोपाची अपेक्षा आहे. वही घेऊन आठ दिवस गिऱ्हाइकाचे प्रश्न लिहिण्यापासून तिला आरंभ होतो, आणि त्याला यंत्र लागत नाहीं.